उन्हापासून लेण्यातल्या अंधारापर्यंत : लहान कॅमकॉर्डर आणि प्रवासचित्रण

प्रवासात केलेले व्हिडिओ चित्रण घरी परतल्यावर मोठ्या पडद्यावर पाहिले जाते, तेव्हा बहुतेक कुटुंबांना तेच ते दोष दिसतात : भर दुपारच्या चित्रणात आकाश आणि इमारती पांढऱ्याफटक पडलेल्या असतात, दारात किंवा खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळा आलेला असतो, अंधाऱ्या जागेतील चित्रावर रंगीत कणांची चुळबुळ चालू असते आणि एकाच दालनाच्या भिंती कधी पिवळ्या तर कधी निळसर दिसतात. या दोषांचे खापर सहसा कॅमेऱ्यावर फोडले जाते आणि अधिक महागडा कॅमेरा घेण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक यातील बहुतेक दोष प्रकाशाविषयीचे सगळे निर्णय कॅमेऱ्यावर सोपवल्यामुळे निर्माण होतात. स्वयंचलित यंत्रणा समोरच्या दृश्याची सरासरी काढते. दृश्यातील कोणती गोष्ट महत्त्वाची आहे, हे तिला कळत नाही. ते ठरवण्याचे काम चित्रण करणाऱ्याचेच आहे, आणि चार-पाच गोष्टी नीट समजून घेतल्यास ते कोणालाही जमण्याजोगे आहे.

घरगुती वापराचा कॅमकॉर्डर, म्हणजे चित्र टिपणारा कॅमेरा आणि ते मुद्रित करणारे यंत्र एकाच साच्यात बसवलेले उपकरण, सोनी कंपनीने १९८३ मध्ये ‘बीटामूव्ही’ या नावाने बाजारात आणला, तेव्हा तो खांद्यावर पेलावा लागत असे. त्याच कंपनीचे १९८५ पासूनचे ‘हँडीकॅम’ हे नाव पुढे इतके रुळले, की महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीच्या लहान कॅमकॉर्डरला लोक हँडीकॅमच म्हणू लागले. कॅसेट जाऊन मेमरी कार्ड आले आणि आता मोबाइलनेही चांगले चित्रण होते. तरीही लांब पल्ल्याचा ऑप्टिकल झूम, हातात घट्ट बसणारी पकड आणि सलग दीर्घ चित्रण यांसाठी प्रवासात कॅमकॉर्डर अजूनही उपयोगी पडतो.

प्रकाशाची सगळी रूपे एकाच सहलीत अनुभवायची असतील, तर छत्रपती संभाजीनगरच्या परिसराइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. शहरात बीबी का मकबऱ्याची शुभ्र वास्तू आहे, वेरूळच्या वाटेवर देवगिरीच्या किल्ल्यातील ‘अंधारी’ नावाचा काळोखा भुयारी मार्ग आहे, वेरूळला उघड्या आभाळाखालचे काळ्या कातळातील कैलास लेणे आहे आणि शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावर अजिंठ्याची मंद उजेडातील भित्तिचित्रे आहेत. म्हणून पुढील विवेचनात याच सहलीची उदाहरणे घेतली आहेत. त्यातून निघणारे नियम मात्र कोकणातील किनाऱ्यालाही लागू पडतात आणि परदेशातील संग्रहालयालाही.

लहान कॅमेऱ्याची मर्यादा

कॅमेऱ्याच्या भिंगातून आत आलेला प्रकाश सेन्सर नावाच्या, प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या पट्टिकेवर पडतो. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यांतील ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, तर लहान कॅमकॉर्डरमधील सेन्सर बोटाच्या नखाहूनही लहान असतो, ‘१/२.५ इंच’ या प्रकारच्या सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतकेच भरते. क्षेत्र लहान म्हणून गोळा होणारा प्रकाशही कमी, आणि म्हणून एकाच चौकटीत लख्ख ऊन व गडद सावली आल्यास दोन्हींतील बारकावे टिपण्याची त्याची क्षमताही मर्यादित असते. माणसाचा डोळा अशा दृश्यावरून फिरताना क्षणोक्षणी जुळवून घेतो आणि त्यामुळे पाहणाऱ्याला दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच बाजू निवडावी लागते.

प्रकाशाच्या मोजमापाचे आकडे पाहिले, म्हणजे या निवडीचे महत्त्व लक्षात येते. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. निरभ्र दुपारी थेट उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो, दिवे लावलेल्या कचेरीत ३०० ते ५०० लक्स, घरातल्या संध्याकाळच्या दिव्यांत शंभराच्या आसपास, तर पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सच्या पाव भागाइतका. म्हणजे अंगणातून घरात पाऊल टाकताच प्रकाश हजारपटीने कमी होऊ शकतो.

हा फरक कॅमेरा तीन साधनांनी भरून काढतो. पहिले साधन म्हणजे अ‍ॅपर्चर, अर्थात भिंगातील लहानमोठे होणारे छिद्र. त्याचे माप ‘एफ’ या अंकाने सांगतात आणि अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. दुसरे साधन शटर, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना सेन्सर किती काळ प्रकाश घेतो तो कालावधी. तिसरे साधन गेन, म्हणजे सेन्सरकडून आलेला क्षीण संकेत विजेच्या साह्याने वाढवणे. तो डेसिबलमध्ये मोजतात आणि दर ६ डेसिबलला चित्राची उजळता दुप्पट होते. गेनने नवा प्रकाश मिळत नाही, असलेलाच संकेत फुगवला जातो आणि त्याबरोबर त्यातील अशुद्धीही फुगते. अंधाऱ्या चित्रातील रंगीत कणांचे मूळ येथे आहे. मेनूमध्ये गेनची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय असल्यास ती वापरावी, कारण किंचित काळोखे पण स्वच्छ चित्र हे उजळ पण कणकणीत चित्रापेक्षा पाहायला अधिक सुखद असते.

पांढरा मकबरा, काळा कातळ

स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ यावे याचा कॅमेऱ्याने घेतलेला निर्णय, एका गृहीतकावर चालतो : समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके उजळ आहे. रस्ता, झाडे, माणसे आणि थोडे आकाश अशा संमिश्र दृश्यात हे गृहीतक बरोबर ठरते. पण सतराव्या शतकात औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ उभारलेला बीबी का मकबरा संगमरवर आणि पांढऱ्या गिलाव्याचा आहे. त्याने चौकट भरली, की कॅमेरा त्या शुभ्रतेला जादा प्रकाश समजून चित्र मंद करतो आणि मकबरा मळकट, करडा येतो. त्याच दिवशी दुपारी वेरूळला गेल्यास नेमके उलटे घडते. तेथील कातळ दख्खनच्या पठाराचा काळसर बेसॉल्ट आहे. त्याने चौकट व्यापली, की कॅमेरा उजेड कमी आहे असे समजून चित्र उजळवतो, परिणामी दगडाचा भारदस्त काळेपणा जाऊन तो राखाडी दिसतो आणि वरचे आकाश पूर्ण पांढरे होते.

यावरचा उपाय सोपा आहे. बहुतेक कॅमकॉर्डरमध्ये एक्स्पोजर कमीअधिक करण्याची पट्टी पडद्यावरच मिळते. पांढऱ्या विषयासाठी ती थोडी अधिककडे आणि काळ्या विषयासाठी थोडी उणेकडे सरकवावी. डोळ्यांना दिसणाऱ्या पडद्यावर उन्हात विसंबून राहता येत नाही, म्हणून ‘झेब्रा’ ही सोय असल्यास ती चालू ठेवावी. झेब्रा म्हणजे चित्रातील अतिउजळ भागांवर पडद्यापुरत्या उमटणाऱ्या तिरप्या रेघा. त्या मुद्रित होत नाहीत. मकबऱ्याच्या घुमटावर त्या सर्वत्र पसरल्या, तर तेथील बारकावे नष्ट होत आहेत असे समजून एक्स्पोजर कमी करावे. यामागील तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे : काळोखा आलेला भाग संगणकावर थोडाफार उजळवता येतो, पण पांढराफटक जळालेला भाग कशानेही परत मिळत नाही.

भर उन्हाचा दुसरा त्रास अतिप्रकाशाचा असतो. भारतात प्रचलित असलेल्या सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात शटर साधारणपणे १/५० सेकंद ठेवावे, म्हणजे चालणारी माणसे आणि हलणारी झाडे नैसर्गिक दिसतात. पण दुपारी या शटरला प्रकाश इतका जास्त होतो, की कॅमेरा एकतर शटर खूप जलद करतो, ज्यामुळे हालचाल तुटक दिसते, किंवा छिद्र अगदी बारीक करतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात फार बारीक छिद्रातून जाणारा प्रकाश पसरतो, या घटनेला विवर्तन म्हणतात, आणि त्यामुळे चित्राची धार बोथट होते. अशा वेळी भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता केवळ प्रकाश कमी करणारी करडी काच लावावी; ‘एनडी ८’ असे लिहिलेली काच प्रकाशाचा आठवा भागच आत सोडते. काही कॅमकॉर्डरमध्ये ही काच आतच बसवलेली असते.

दारातून आत : अजिंठ्याचे लेणे क्रमांक १

अजिंठ्याला फर्दापूरजवळ वाहने थांबवून तेथून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरच्या कड्यात खोदलेल्या या लेण्यांचा बाह्य देखावा समोरच्या डोंगरावरील ठिकाणावरून उत्तम टिपता येतो. खरी कसोटी मात्र लेणे क्रमांक १ च्या दारात लागते. बाहेर लख्ख ऊन, ओसरीत मध्यम उजेड, आतील स्तंभांच्या सभामंडपात काळोख आणि मागच्या भिंतीवर, गर्भगृहाच्या वाटेच्या डाव्या हाताला, जगप्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्व.

बहुतेक पर्यटक कॅमेरा चालू ठेवून बाहेरून आत चालत जातात. अशा चित्रणात दारापाशी चित्र आधी काळे पडते, मग यंत्रणा छिद्र उघडत व गेन वाढवत जाते आणि काही क्षण चित्राची उजळता डोळ्यांदेखत हेलकावे खाते. शिवाय आत पोहोचल्यावर कॅमेरा मागे वळवला, की दार पांढऱ्या चौकोनासारखे फुटते. त्याऐवजी हा प्रवेश तीन वेगळ्या तुकड्यांत टिपावा. पहिला तुकडा उन्हातून ओसरीचा, त्यात उन्हाला अनुसरून एक्स्पोजर ठरवलेले. दुसरा ओसरीतून, स्तंभ आणि दाराची चौकट दाखवणारा, ज्यात आतला काळोख काळोखच राहू द्यावा, कारण पाहणाऱ्याला तो तसाच अनुभवाला आलेला असतो. तिसरा आतून, डोळे आणि कॅमेरा दोन्ही स्थिरावल्यावर. प्रत्येक तुकड्याआधी महत्त्वाच्या भागावर पडद्यावर बोट ठेवून त्याच भागाचा प्रकाश मोजून घ्यावा, या सोयीला ‘स्पॉट मीटर’ म्हणतात, आणि मग एक्स्पोजर कुलूपबंद करावे, म्हणजे कोणी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस मध्ये आला तरी चित्राची उजळता बदलत नाही.

पद्मपाणीसमोर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली झूमची. लहान कॅमकॉर्डरच्या भिंगावर ‘एफ २ ते ३.८’ यासारखे दोन अंक असतात; त्यांतील पहिला अंक झूम न करता मिळणाऱ्या छिद्राचा, तर दुसरा पूर्ण झूम केल्यावरच्या छिद्राचा असतो. एफ २ वरून एफ ३.८ वर जाताना प्रकाश साडेतीन पटींहून अधिक कमी होतो. म्हणून अंधारात दूर उभे राहून झूम करण्याऐवजी, कठड्याने परवानगी दिली तेवढे जवळ जाऊन भिंग रुंद ठेवावे. दुसरी गोष्ट फोकसची. मंद प्रकाशात स्वयंचलित फोकस चाचपडतो आणि चित्र आतबाहेर होत राहते. एकदा चेहऱ्यावर फोकस जुळला, की तो हाताने स्थिर करावा.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि कॅमकॉर्डरवरचा दिवाही त्याच कारणासाठी बंद ठेवला पाहिजे. मातीच्या गिलाव्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि निळा लाजवर्द अशा रंगद्रव्यांनी रंगवलेली ही चित्रे प्रखर प्रकाशाने क्षीण होतात, आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही संवर्धनाने मूळ स्वरूपात परतत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळांवर ट्रायपॉड, म्हणजे तिपाई, वापरण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. ती नसताना कोपरे छातीशी टेकवून, दोन्ही हातांनी कॅमेरा धरून, श्वास संथ ठेवून चित्रण करावे. रंगवलेल्या भिंतीला किंवा स्तंभाला टेकणे मात्र कटाक्षाने टाळावे.

रंगांचा प्रश्न

प्रकाशाला स्वतःचा रंग असतो आणि तो ‘केल्विन’ या एककात सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या जुन्या बल्बचा २,७०० ते ३,२०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्विन, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,००० केल्विन किंवा त्याहून अधिक. अंक लहान तितका प्रकाश तांबूस आणि मोठा तितका निळसर. पांढरी वस्तू कोणत्याही प्रकाशात पांढरी दिसावी, यासाठी कॅमेरा जे रंगसंतुलन करतो त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सही सरासरीवरच चालतो : चौकटीतील सर्व रंगांची बेरीज तटस्थ करडी असावी, असे तो मानतो.

अजिंठ्याच्या भिंतीवर हे गृहीतक पुरते फसते. गेरू आणि पिवळ्या मातीने भरलेली भिंत पाहून कॅमेऱ्याला वाटते, की प्रकाशच पिवळा आहे. मग तो चित्रात निळा रंग मिसळतो आणि शतकानुशतके टिकलेली उबदार छटा पडद्यावर फिकी, आजारी दिसते. त्याच लेण्यात थोडे वळून दाराकडे पाहिले, की संतुलन पुन्हा बदलते. यासाठी खिशात पांढऱ्या कागदाची घडी ठेवावी. जेथे चित्रण करायचे, तेथील प्रकाशात कागद धरून, त्याने चौकट भरून व्हाइट बॅलन्स हाताने निश्चित करावा. या कृतीला अर्धा मिनिटही लागत नाही. बाहेर आल्यावर तो पुन्हा उन्हाच्या चिन्हावर आणण्याची आठवण मात्र ठेवली पाहिजे, अन्यथा पुढचे सगळे चित्रण निळे येते.

वेळ निवडणे

प्रकाश बदलण्याची ताकद प्रवाशाच्या हाती नसते, पण वेळ निवडण्याची असते. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडलेले कैलास लेणे वरून खाली कोरत नेलेले असल्यामुळे त्याचे अंगण तिन्ही बाजूंनी उंच कड्यांत बुडालेले आहे. सकाळी तेथे सावली आणि वर उजळ आकाश असा विरोध असतो. दुपार कलल्यावर मात्र ऊन तिरपे आत येते आणि शिल्पांची खोली, हत्तींची रांग, ध्वजस्तंभावरील कोरीवकाम हे सारे उठून दिसते. तिरपा प्रकाश शिल्पाच्या प्रत्येक उंचवट्यामागे छोटी सावली पाडतो, आणि सपाट पडद्यावर दगडाला घनता मिळते ती याच सावलीमुळे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात घेऊन सहलीचा क्रम असा आखावा, की वेरूळची दुपार आणि संध्याकाळ हाती राहील.

कुटुंबीयांचे चित्रण करताना सूर्य त्यांच्या पाठीशी असेल, तर चेहरा काळा पडणार हे गृहीत धरावे. अशा वेळी ‘बॅकलाइट’ हे बटण वापरावे किंवा चेहऱ्यावर स्पॉट मीटर करावे. आकाश पांढरे झाले तरी हरकत नाही, कारण त्या तुकड्यात माणूस महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश मऊ होतो आणि लहान सेन्सरला तो फार मानवतो. त्या दिवसांत वेरूळच्या लेणे क्रमांक २९ जवळ कोसळणारा धबधबा टिपताना पाण्याला अनुसरून एक्स्पोजर कमी करावे, म्हणजे पाण्याच्या धारा वेगवेगळ्या दिसतात आणि भोवतीचा ओला कातळ काळाभोर राहतो. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा नेताच भिंगावर बाष्प धरते. यासाठी निघण्यापूर्वी अर्धा तास तरी तो बंद पिशवीत खोलीबाहेरच्या हवेत ठेवावा.

रात्रीच्या बाजारपेठेत किंवा हॉटेलात ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते, त्याचे कारण विजेत आहे. भारतातील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास कॅमेरा या लयीशी जुळतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची आहे आणि तेथे विकले जाणारे कॅमेरे सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी टिपतात. तेथील नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा महाराष्ट्रातील घरांत अनेकदा असतो, आणि तो सदोष आहे असा समज या लुकलुकीमुळे होतो. शटर १/१०० वर स्थिर केल्यास बहुधा प्रश्न सुटतो. उलट येथून अमेरिकेला जाणाऱ्याने दिव्यांखाली १/६० किंवा १/१२० ठेवावे. जपानमध्ये तर टोकियोच्या बाजूला ५० आणि ओसाकाच्या बाजूला ६० आवर्तने असल्याने एकाच सहलीत शटर बदलावे लागते.

या सर्वांवर एक सवय उपकारक ठरते : प्रत्येक तुकडा किमान दहा सेकंद स्थिर ठेवणे. कॅमेरा सतत फिरवत राहिल्यास दर क्षणी नवा प्रकाश समोर येतो आणि यंत्रणेला सतत नवे निर्णय घ्यावे लागतात. स्थिर तुकड्यात निर्णय एकदाच, विचारपूर्वक घेता येतो. सहलीला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातच खिडकीपाशी, दिव्याखाली आणि गच्चीवर एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस आणि शटर यांची बटणे हाताळून पाहावीत, म्हणजे लेण्याच्या दारात मेनू शोधत बसावे लागणार नाही. आणि अजिंठ्यात पुरेसा उजेड मिळाला नाही, तर चित्र काळोखे येऊ द्यावे. कॅमेऱ्याचा दिवा लावू नये. ती चित्रे पुढच्या पिढ्यांनाही पाहायची आहेत.